जमिनीखालचा आवाज

आमच्या घराण्यात गुप्तधन आहे, ही गोष्ट आम्हांला कळली तेव्हा आम्ही तेरा वर्षांचे होतो. इंदूरच्या जुन्या वस्तीत ज्यांचे बालपण गेले, त्या वाचकांना हे सांगायला नकोच की, गुप्तधन नाही असा वाडा त्या काळी शोधूनही सापडला नसता. कोणाच्या देवघराखाली हंडा, कोणाच्या गोठ्यात रांजण, कोणाच्या विहिरीत साखळदंडाने बांधलेला पेटारा. आणि प्रत्येक ठिकाणी राखणीला एक नागोबा. आमच्या वाड्यातला हंडा परसातल्या तुळशीवृंदावनापासून पूर्वेला सात पावलांवर होता. होळकरांच्या खासगीत कारकून असलेल्या पणजोबांनी तो पुरला, असे सांगत. कारकुनाजवळ हंडाभर मोहरा आल्या कोठून, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नसे.

१९६६ च्या वैशाखात एका रात्री वडिलांनी आम्हांला हलवून उठवले आणि हातात कंदील दिला. परसात त्यांनी आधीच पहार आणून ठेवली होती. सात पावले मोजून ते खणू लागले. हातभर खड्डा झाला असेल नसेल, तोच पहार कशावर तरी आदळून 'टण्ण' असा स्वच्छ आवाज झाला. वडील थांबले. त्यांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही त्यांच्याकडे पाहिले. मग गुडघ्यावर बसून त्यांनी हातांनी माती उपसली आणि बाहेर काढली ती बैलगाडीच्या चाकाची मोडकी धाव. गंजलेली, विळ्यासारखी वाकलेली. काही क्षण ती हातात धरून ते तसेच बसून राहिले. मग उठून त्यांनी ती विहिरीत टाकली, खड्डा बुजवला, आणि "कोणापाशी बोलायचे नाही," एवढेच म्हणाले. त्यांना लाज वाटली होती. शाळामास्तराने अपरात्री धनाच्या लोभाने भूमी उकरावी, हे त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते.

आम्ही बोललो नाही. परंतु पलीकडच्या सोप्यात निजलेल्या आमच्या काकूंनी तो 'टण्ण' ऐकला होता. सकाळी त्यांना खणलेली भुई दिसली, आणि हंडा निघाला, थोरल्या घरी गेला, हे त्यांच्यापुरते सिद्ध झाले. दिवाळीपर्यंत वाड्यात दोन चुली झाल्या. पुढे लग्नपत्रिका येत-जात राहिल्या, इतकेच. चुलतबंधू वारले तेव्हा त्यांच्या दहाव्याला आम्ही घाटावर मागच्या रांगेत उभे राहून परत आलो.

हे सारे इतक्या तपशिलाने आठवायला कारण झाला आमचा नातू आणि त्याला हवे असलेले एक यंत्र.

आमचे चिरंजीव इंग्लंडात सफक परगण्यातल्या इप्सविच गावी संगणकाच्या नोकरीत आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो. नातू तेव्हा बारा वर्षांचा. त्याचे मराठी स्वैपाकघरापुरते आणि आमचे इंग्रजी बँकेच्या अर्जापुरते. त्यामुळे बोलणार काय, ही चिंता होती. ती नाण्यांनी मिटवली. वडिलांनी मागे ठेवलेला नाण्यांचा एक डबा आमच्याजवळ आहे. त्यात शिवाजीराव होळकरांच्या कारकीर्दीतली, बसलेल्या नंदीची तांब्याची नाणी आहेत. सूर्यमुखाचा एक रुपया आहे. तो डबाच सोबत न्यावा असे मनात होते. पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा नाण्यांवर पातळ कागद ठेवून, पेन्सिल घासून त्यांचे ठसे उतरवले आणि ती वही बरोबर घेतली. प्रत्यक्ष नाणे एकच नेले, १९३५ चा यशवंतरावांचा पाव आणा. त्याची शंभरी भरायला अवकाश आहे. नातवाने त्या वहीची पाने इतक्यांदा उलटली की सूनबाईंना तिला पुठ्ठा घालावा लागला. आणि मे महिन्याच्या अखेरीस त्याने जाहीर केले की, आपल्याला मेटल डिटेक्टर हवा.

चिरंजिवांनी तीनशे पौंडांची मर्यादा घातली आणि निवडीचे काम आमच्यावर सोपवले. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो, अशी त्यांची समजूत. ती खरीच आहे. आम्ही रेघा मारून तक्ता तयार केला. ऑस्ट्रेलियातले मायनलॅब, अमेरिकेतले गॅरेट, तुर्कस्तानातले नोक्ता, फ्रान्सचे एक्सपी. वजन, किंमत, बॅटरी किती तास टिकते, पाण्यात चालते की नाही. तक्ता पुरा झाला तेव्हा आमची स्थिती लग्नाच्या मुलीच्या बापासारखी झाली होती. स्थळे सगळीच चांगली, पण मुलगी नांदेल कोठे, ते कळेना.

शेजारी एक वृद्ध इंग्रज गृहस्थ राहत. तीस वर्षे ते या छंदात मुरलेले. त्यांनी तक्ता चष्मा वर करून पाहिला, घडी घालून परत दिला आणि विचारले, "जमीन कोणती?" आम्ही निरुत्तर. त्यांचे म्हणणे असे की, आधी जमीन पाहावी, मग तिच्यात काय निघण्याजोगे आहे ते पाहावे, आणि यंत्र शेवटी. लोक उलटे करतात.

यंत्राचे मर्म तसे अवघड नाही. काठीच्या टोकाला एक चकती असते, तिला कॉइल म्हणतात. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात स्वतःचे क्षीण प्रवाह उठतात, आणि त्यांची चाहूल दुसरे वेटोळे घेते. अलेक्झांडर ग्राहम बेल यांनी १८८१ साली अशाच तत्त्वावरचे एक उपकरण अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहातली बंदुकीची गोळी हुडकण्यासाठी वापरले होते. ते फसले. एक तर रुग्णाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांचाच आवाज यंत्राला येत राहिला. आणि दुसरे म्हणजे गोळी उजव्या अंगाला आहे या वैद्यांच्या ठाम समजुतीमुळे शोध तेवढ्याच बाजूला झाला. गोळी तिथे नव्हती. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोसाकी नावाच्या एका पोलिश अधिकाऱ्याने माणसाला हाती धरून चालता येईल असे सुरुंग शोधणारे यंत्र घडवले. १९४२ साली अल अलामीनच्या लढाईत ते कामी आले. युद्ध संपल्यावर उरलेली यंत्रे बाजारात आली, आणि ज्या काठ्या मृत्यू हुडकीत होत्या त्या दिडक्या हुडकू लागल्या.

नाण्यांसाठी मिळणारी बहुतेक यंत्रे आजही याच जातीची आहेत. त्यांत पाहायची पहिली गोष्ट म्हणजे त्या विजेची कंपनसंख्या. पाच-सहा किलोहर्ट्झवर चालणारे यंत्र चांदी-तांब्याची जाड नाणी चांगली ओळखते. पंधरा-वीसवर चालणारे यंत्र बारीक, पातळ नाण्यांना आणि सोन्याच्या तुकड्यांना अधिक तत्पर असते. इंग्लंडातली मध्ययुगीन नाणी हातोड्याने ठोकलेली, वर्खापेक्षा थोडी जाड म्हणावीत अशी असतात. म्हणून तिकडचे लोक वरच्या संख्येकडे झुकतात. एकाच वेळी अनेक कंपनांवर चालणारी यंत्रेही आता आली आहेत, आणि त्यांच्या किमतीही पुष्कळ खाली उतरल्या आहेत. आमच्या मर्यादेत असे एक हलके यंत्र बसले. बारा वर्षांच्या हाताला ते दोन तास पेलले पाहिजे, हा आम्हांला सर्वांत मोठा गुण वाटला.

आणि इथे आम्ही चूक केली. यंत्रासोबत अकरा इंचांची कॉइल आली होती. आमच्या मनाने घेतले की चकती जितकी मोठी तितका शोध खोल, आणि जितके खोल तितके जुने. हे अर्धे खरे आहे, म्हणूनच घातक आहे. एका रविवारच्या जुन्या बाजारात पंधरा इंचांची एक कॉइल चाळीस पौंडांना मिळाली. पुरणपोळीच्या तव्यासारखी ती भव्य वस्तू सौभाग्यवतींच्या नजरेस न पडेल अशी कोटाखाली लपवून आणली. घरी आल्यावर कळले की एका कंपनीची कॉइल दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला लागत नाही. खुंट्यांची रचना निराळी, आतले विजेचे गणितही निराळे. चाळीस पौंड पाण्यात. सौ.ना हे अजून ठाऊक नव्हते. या लेखाने ठाऊक होईल.

शेजारच्या वृद्धांना आमची दया आली. आमच्याच कंपनीच्या लहान-मोठ्या दोन कॉइली त्यांच्याजवळ होत्या, त्या त्यांनी वापरून पाहायला दिल्या. नातवाने मग घरामागच्या बागेत प्रयोगच मांडला. यशवंतरावांचा पाव आणा निरनिराळ्या खोलीवर पुरायचा, वरून चकती फिरवायची आणि वहीत लिहायचे. बागेची माती मवाळ, तिच्यात लोहाचा अंश थोडा. सहा इंची चकतीला पाच-साडेपाच इंचांपर्यंत, अकरा इंचीला आठ-नऊ इंचांपर्यंत, आणि पंधरा इंचीला त्याहून दोनेक इंच खाली नाण्याची स्पष्ट चाहूल लागे. म्हणजे चकती दीडपट झाली तरी खोली काही दीडपट होत नाही. वजन मात्र पुरेपूर वाढते, तेही काठीच्या टोकाला, जिथे ते मनगटाला सर्वांत अधिक जाणवते. पंधरा इंचीने अर्धा तास शोध केल्यावर आमचा उजवा खांदा संध्याकाळी भाताचा घास तोंडापर्यंत नेईना.

खरा फरक कळला तो गावाबाहेरच्या कुरणावर. तिथे पूर्वी गावची जत्रा भरत असे. मालकाची लेखी परवानगी घेतली होती. तिकडे त्यावाचून कोणाच्या जमिनीवर यंत्र नेताच येत नाही, आणि संरक्षित प्राचीन स्थळांवर तर मुळीच नाही. जत्रेचे कुरण म्हणजे जिथे पैसे पडले, आणि पैशांच्या शंभरपट खिळे, टोपणे, डब्यांच्या कड्या आणि चॉकलेटची चांदी पडली, अशी जागा. मोठी चकती फिरवताच यंत्र भजनी मंडळासारखे एका सुरात ओरडू लागले. तिच्या छायेत एकाच वेळी चार वस्तू येत, आणि चौघांचे मिळून जे एक कडबोळे होई ते लोखंड म्हणून नोंदले जाई. मग नातवाने सहा इंची लावली. तीच जागा, तेच यंत्र. पण आता एकेक आवाज सुटा ऐकू येऊ लागला. इथे खिळा, इथे खिळा, आणि त्या दोहोंच्या मधे वीतभर जागेत एक उंच, गोड स्वर. कानाला लावायच्या यंत्राची एक बाजू त्याच्या कानाला आणि दुसरी आमच्या. आम्ही खुरप्याने मातीची चौकोनी खापली काढली. खाली व्हिक्टोरिया राणीची अर्धी पेनी होती, १८६२ ची. नातू काही बोलला नाही. त्याने ती तळहातावर घेतली आणि आजोबांच्या हातात दिली.

चकतीच्या आकाराबरोबर तिच्या बांधणीचाही विचार करावा लागतो. जुन्या पद्धतीच्या कॉइलमध्ये मोठ्या कड्यात लहान कडे असते. तिची नजर खाली निमुळती होत जाते, नरसाळ्यासारखी. नेमका बिंदू सांगायला ती उत्तम, पण जमिनीत लोहाचा अंश अधिक असेल तर गडबडते. दुसऱ्या प्रकारात इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून बसवतात. त्यांची नजर समोरपासून मागपर्यंत एका अरुंद पट्टीत पडते. झाडू मारल्यासारखे फिरवत जावे, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढवावा, म्हणजे काही सुटत नाही. हल्ली बहुतेकांचा कल या डबल-डीकडेच आहे, आणि आमचाही झाला. कोणी आम्हांला विचारलेच, तर यंत्रासोबत येणारी मधल्या आकाराची डबल-डी ठेवावी आणि पैसे उरले तर तिला जोड म्हणून लहान कॉइल घ्यावी; मोठीचा विचार मोकळ्या, स्वच्छ, नांगरलेल्या शेतासाठी, आणि तोही तरुण खांद्यांनी करावा.

यंत्रावर आणखी एक सोय असते, नको ते आवाज गाळून टाकण्याची. धातूपरत्वे पडद्यावर आकडा उमटतो. खालचे आकडे लोखंडाचे, वरचे तांब्या-चांदीचे. खालचे बंद करून टाकले की कान शांत. पहिल्या आठवड्यात आम्ही या सोयीवर अतिशय खूश होतो. मग सूनबाईंची अंगठी बटाट्यांच्या वाफ्यात हरवली. सोन्याची, पातळ. दोन संध्याकाळ यंत्र फिरवले, काही नाही. शेजारचे वृद्ध हसले आणि म्हणाले, सगळे आवाज उघडे करा. पेयांच्या डब्याची कडी आणि सोन्याची पातळ अंगठी या दोघींचा आकडा जवळजवळ एकच येतो. आम्ही कड्या गाळताना अंगठीही गाळली होती. आवाज उघडे करून नातवाने सतरा कड्या खणल्या. अठरावी वस्तू अंगठी. (जाता जाता सांगतो, आपला १९९२ नंतरचा रुपया पोलादाचा, चुंबकाला चिकटणारा. उद्या कोणी इंदूरच्या मैदानावर हे यंत्र घेऊन फिरला तर आमचा रुपया त्याच्या लेखी खिळ्यांच्या गोत्रातला ठरण्याची भीती आहे.)

नातवाची वही या सुमारास भरत आली होती. तिच्यात त्याने रकाने आखले होते: तारीख, जागा, आकडा, खोली, आणि निघाले काय. त्या शेवटच्या रकान्यात 'खिळा', 'कडी', 'शिशाचा गोळा', 'ओळखता येत नाही' हेच शब्द पानोपान होते. आम्ही एकदा म्हणालो, अरे, नाणी तेवढी लिही की. तो म्हणाला, "आबा, मग आवाज कशाचा होता ते कसं कळणार?" आम्ही त्या रात्री लवकर निजलो, पण झोप लागली नाही.

सप्टेंबरात पिके निघाली, शेते मोकळी झाली. शेजारच्या वृद्धांनी आम्हांला हॉक्सनी गावाची हकीकत सांगितली. ते याच सफक परगण्यात आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. एरिक लॉज नावाच्या त्याच्या स्नेह्याला निवृत्तीची भेट म्हणून डिटेक्टर मिळालेला होता, तो घेऊन ते शोधायला गेले आणि त्यांना रोमन काळातला ठेवा लागला. जवळजवळ पंधरा हजार नाणी, सोन्याचे दागिने, चांदीचे चमचे. लॉज यांचा मोठेपणा असा की, पहिली काही नाणी दिसताच ते खणायचे थांबले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो ठेवा जागच्या जागी, कोणती वस्तू कोणत्या वस्तूखाली होती ते टिपत उचलला. म्हणून ती पेटी कशी भरली होती हेही कळू शकले. पुढे पावणेदोन दशलक्ष पौंड बक्षीस मिळाले, ते लॉज यांनी त्या शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

तिकडचा १९९६ चा कायदाही हेच शिकवतो. सोन्याचांदीची तीनशे वर्षांहून जुनी दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली की चौदा दिवसांत कॉरोनरला कळवायचे. सुटे नाणे सहसा त्यात येत नाही, तरी ते परगण्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला दाखवून जागेसह टिपून ठेवण्याची रीत आहे. नातवाची अर्धी पेनी मात्र त्या बाईंनी हसून परत केली. इतके अलीकडचे त्या नोंदत नाहीत. तो दोन दिवस रुसला होता.

याच महिन्यात इंदुराहून फोन आला. बोलणारा आमच्या दिवंगत चुलतबंधूंचा मुलगा. त्याने आम्हांला आपण होऊन फोन करण्याची ती पहिलीच वेळ. वाडा विकायचा ठरत होता. दोन्ही घरांच्या सह्या लागणार होत्या. ते बोलून झाल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "काका, तिकडे ती जमिनीतले धन दाखवणारी यंत्रे दुकानात मिळतात म्हणे. येताना एक आणाल का? पाडण्याआधी एकदा पाहून घेऊ. आजीने स्वतः ऐकले होते."

आम्ही आधी त्याला यंत्रशास्त्र ऐकवले. भित्रा माणूस शास्त्राचा आडोसा घेतो. आम्ही म्हणालो की माळव्याची माती काळी, बेसाल्टच्या खडकाची. तिच्यात चुंबकी लोहाचे कण आहेत. सफकच्या मातीत गुणी वाटणारे हे यंत्र तिथे जमिनीचाच आवाज ऐकत बसेल. अशा जमिनीसाठी स्पंद पद्धतीची निराळी यंत्रे असतात, परंतु त्यांना खिळा आणि मोहर यांतला भेद नीट करता येत नाही. आणि दीडशे वर्षे नांदत्या वाड्याच्या परसात खिळ्यांना काय तोटा? मग आम्ही त्याला कायदा ऐकवला. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे जे काही भूमीत सापडेल ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. चौकशीअंती ते बेवारस ठरले आणि शासनाने स्वतःकडे घेतले नाही, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जागेच्या मालकाला एक. लपवले तर शिक्षा.

तो सारे ऐकून घेत होता. मग त्याने शांतपणे विचारले, "ते ठीक आहे, काका. मग आजीने ऐकले ते काय होते?"

तेव्हा आम्ही सांगितले. कंदील आमच्या हातात होता, हे सांगितले. हातभर खोल, वृंदावनापासून सात पावलांवर, गाडीच्या चाकाची धाव. वडिलांनी ती विहिरीत टाकली. सत्तावन्न वर्षांत हे आम्ही सौ.नाही बोललो नव्हतो. पलीकडे बसून त्या ऐकत होत्या. फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. नर्मदेचे पाणी इंदुरात आल्यावर ती विहीर बुजवली, हे त्यालाही ठाऊक होते. त्याने विश्वास का ठेवावा, याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. "बरं, काका," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

यंत्र आम्ही आणले नाही. ते नातवाचे आहे. ऑक्टोबरात परतलो, सह्या झाल्या, आणि २०२४ च्या जानेवारीत वाडा पडू लागला. आम्ही एक दिवस जाऊन आलो. पुन्हा जाववले नाही. पुतण्या मात्र रोज कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसे, असे लोक सांगत. का बसे, ते आम्ही विचारले नाही.

संक्रांतीनंतरच्या एका संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. त्या घरचे माणूस आमच्या उंबऱ्याच्या आत १९६६ नंतर आले नव्हते. सौ.नी तिळगूळ पुढे केला, तो त्याने घेतला, आणि खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढून आमच्यापुढे ठेवली. "नंदी दिसतोय, काका. दुसरे काही निघाले नाही."

तांब्याचा अर्धा आणा होता, शिवाजीराव होळकरांचा. संवताचे शेवटचे दोन आकडे झिजलेले, पण नंदी ठळक. तो पुडी खिशातच ठेवू शकला असता. कोणाला कळणार होते? आज बाजारात अशा नाण्याला दहा रुपयांहून अधिक मिळतात, हे आम्ही त्याला सांगितले, आणि मग दोघांनी मिळून अर्ज लिहिला. कायद्याला तीन गोष्टी हव्या असतात: वस्तू काय आणि किती मोलाची, कोणत्या जागी, कोणत्या तारखेस. अक्षर त्याचे, मजकूर आमचा. जागेच्या ओळीत त्याने लिहिले, 'तुळशीवृंदावनाच्या पूर्वेस', आणि आमच्याकडे न पाहताच कागद पुढे सरकवला. खाली दोघांच्या सह्या झाल्या. अर्ज द्यायच्या आधी नाण्यावर कागद ठेवून आम्ही ठसा काढला. एक त्याला, एक आमच्या वहीत.

रात्री नातवाला चलचित्र-फोनवर नाणे दाखवले. त्याने आमच्या वहीतला ठसा आठवून लगेच ओळखले, आणि आपली वही आणायला धावला. तारीख लिहिली, जागा लिहिली. मग पुतण्याला विचारले, "काका, किती इंच खोल होतं?"

"अरे, जेसीबीच्या तोंडातून मातीबरोबर पडले," पुतण्या म्हणाला. "खोली कोण मोजतो!"

नातवाने मान हलवली आणि त्या रकान्यात लिहिले: खोली माहीत नाही.